अर्धा तास

दर मंगळवारी सकाळी सहाला, चहाच्या आधी,
मी हाडांची गोळी घेते.
पेलाभर साधं पाणी,
आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
बसलात तरी चालेल, झुबेर म्हणाला होता,
तांबोळी मेडिकलच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून,
पण ताठ. वाकायचं नाही काकू,
मध्येच अन्ननलिकेत अडकली तर आतून पोळते.

मी उभीच राहते.
उभं राहायला मला कुणी शिकवायला नको.
सव्वीस वर्षं कात्रज ते शिवाजीनगर,
पाठीला खांब, पोटाला चामड्याची बॅग,
बालाजीनगरचा उतार आला की
डावा गुडघा आपोआप सैल व्हायचा,
सुट्टे पैसे मोजता मोजता.
उभं राहिल्यानं हाडं बळकट होतात
असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या.
मग माझी कशी हो झिजली?
त्या रिपोर्टकडे बघत राहिल्या,
रिपोर्ट माझ्याकडे.

सहा दहा.
धनकवडीत खाली दुधाचे क्रेट आपटतात.
तळजाईच्या टेकडीवर चालणाऱ्यांच्या रंगीत टोप्या.
गोळी आता कुठं पोचली असेल?
उतरली का तिच्या स्टॉपला,
की दारात लोंबकळतेय अजून,
आत सरका, आत सरका म्हणायला तिथं कोण आहे?

आतल्या खोलीत भास्कर.
त्याचं उलट. त्याला उभंच राहायचं नाही,
मणक्याचं ऑपरेशन होऊन तेवीस दिवस झाले.
दुखण्याची गोळी घेतो आणि डाव्या कुशीला वळतो,
भिंतीकडं तोंड,
लग्नापासूनची सवय.
तासभर कण्हत राहतो, म्हणतो गोळ्या बोगस आहेत,
झुबेरला सांग.

सांगितलं.
झुबेरनं बिलामागं पेनानं एक वाकडी पिशवी काढली,
तिच्या उजव्या टोकाला बारीक तोंड.
हे पोट, म्हणाला. बाहेरची वाट उजवीकडं.
डावीकडं झोपलं की गोळी वर खोलगटात पडून राहते,
उजवीकडं झोपलं की सरळ दाराशी.
तेच औषध, तेच पैसे,
फक्त माणूस कुठल्या अंगावर आहे, एवढंच.

उजवीकडं माझी खाट आहे.

पहिल्या रात्री मी त्याच्या पाठीला उशी लावून
त्याला माझ्याकडं वळवलं तर म्हणाला,
काय, या वयात?
औषधासाठी, मी म्हटलं.
मग बराच वेळ आम्ही
एकमेकांची तोंडं बघत पडलो.
त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, लांब,
तारेसारखा ताठ.
कधी आला, मला माहीत नाही.
वीस मिनिटांत त्याचं कण्हणं थांबलं.
गोळीनं असेल.
घोरायला लागला तरी मी दिवा घालवला नाही.

आडवं झालं की यकृताला रक्त जास्त मिळतं म्हणे,
आत कुणीतरी औषधाचा हिशोब करत बसतं,
किती आलं, किती मोडलं, किती शिल्लक,
डेपोतल्या रात्रीच्या कॅशियरसारखं,
सगळ्या गाड्या आत आल्यावर.
मला हे आवडलं.
पडून राहणं म्हणजे खाडाच, असं मी समजत होते.

सहा सत्तावीस.
पाय भरून आलेत. खुर्ची दोन पावलांवर आहे
आणि बसलं तरी चालतं.
आतून हाक येते, उठलीस का गं?
उठलेय, मी म्हणते. तू कुठल्या कुशीवर आहेस?
थोडं थांबून,
खोटं बोलणाऱ्या प्रवाशाच्या आवाजात,
उजव्या.