नाण्याएवढा सेल

तांबट लेनमध्ये माळ्यावर ठेवलाय मी सर्व्हर.
सर्व्हर म्हणजे भद्रकालीतल्या तौफिककडून
अडीच हजारांत आणलेला जुना डबा.
त्याचं झाकण बसत नाही,
म्हणून वर एक न खपलेली परात पालथी.

पहिली डिस्क तीन आठवड्यांत गेली.
तौफिकनं कानाशी धरून हलवली, म्हणाला,
ताई, हिला घरात मारहाण होते का?
होते. खाली काका दिवसभर घागरी ठोकतात.
मग फिरती चकती नसलेली डिस्क घेतली
आणि डब्याखाली पोत्याची चौघडी.

दुकानाचा पत्ता दर दोन दिवसांनी बदलतो.
जिना तोच, माळा तोच,
पण नेटवाल्याच्या वहीत आम्ही पुन्हा नवे भाडेकरू.
त्यावर सात ओळींची स्क्रिप्ट लिहिली,
ती दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन सांगून येते:
आम्ही सध्या इथे राहतो.

पोर्ट म्हणजे दार, एवढं काकांना पटलं.
मग दारं कमी ठेव, म्हणाले.
मी आतबाहेर दोनच ठेवली, बाकी सगळी लावून घेतली
आणि स्वतःवर खूश झाले.

शनिवारी वीज गेली ती सहा तास.
आली तेव्हा दुकान उघडलं, फोटोही दिसले,
बंब, तांब्या, कलईचं पातेलं, सगळं जागच्या जागी.
आणि रात्री आठला इचलकरंजीहून शकुंतला मगदूम:
माझे सतराशे पन्नास गेले हो,
आणि तुमचं दुकान म्हणतंय, पैसे मिळाले नाहीत.

साडेदहापर्यंत लॉग वाचत बसले.
कलई उडालेल्या पातेल्यात बोट फिरवावं तसं,
खरखर लागते, पण नेमकी कुठे?
मग दिसलं. पैसे आले का हे विचारायला
आमचाच डबा बँकेपर्यंत जात होता
आणि तिचं प्रमाणपत्र बघून दारातून परतत होता:
हे अजून लागू झालेलं नाही.

अजून?

तारीख विचारली.
एक जानेवारी दोन हजार नऊ, डबा म्हणाला.

आत नाण्याएवढा एक सेल असतो,
वीज नसताना वेळ धरून बसणारा. तो मेला होता.
तरी एरवी मशीन बाहेर विचारून घेतं, किती वाजले.
ते विचारायला जायचं दार
मीच लावलेलं.

शकुंतलाबाईंची नोंद हरवली नव्हती.
सगळ्या ऑर्डरींच्या तळाशी जाऊन बसली होती,
दुकानातली सर्वांत जुनी म्हणून:
घागर एक, गुरुवार, पहाटे दोनला आठ कमी.

त्या गुरुवारी अण्णा होते.
घागर त्यांच्याच हाताखाली गेली असती,
गळ्याशी आल्यावर थोडं थांबून
तीन ठोके जास्तीचे मिळाले असते तिला.
का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
काका ते तीन देत नाहीत.

घड्याळ लावायला एक ओळ पुरते. लिहिली.
एंटर दाबलं नाही.
चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला.
पत्ता लागला का, काकांनी खालून विचारलं.
लागला, म्हटलं. ऑर्डर दोन हजार नऊची आहे.
थोडा वेळ खाली काही वाजलं नाही.
मग म्हणाले, जुन्या भावात द्यायची नाही हं.

मी एंटर दाबलं.

सोमवारी मेनरोडच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला,
पस्तीस रुपये, त्यानं कशासाठी विचारलंही नाही.
वेळेचं दार उघडं केलं. आता दारं तीन.
शकुंतलाबाईंची तारीख मात्र तशीच ठेवलीय,
बिलावरही तीच छापून गेली.

मंगळवारी काका घागर ठोकत होते.
माळ्यावर पंख्याची घरघर,
मी कान देऊन बसलेले.
गळ्याशी आल्यावर ते थांबले.