वाक्य क्रमांक दोनशे चौदा

मखाचकलातलं थंड सभागृह.
भाषाशास्त्र मंडळाची वार्षिक बैठक, माणसं एकोणीस,
समोवारमधला चहा केव्हाच संपलेला,
आणि पाऊण तास वाद एकाच गोष्टीवर:
शेवटचा 'र' जोडून लिहायचा
की मध्ये आडवी रेघ द्यायची.

दिवा दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीवरून हसला.
हसू दे. मी इतिवृत्तात तेही लिहिलं.

टेप एकाहत्तर सालची. डब्यावर निळ्या पेन्सिलीने:
मेंढपाळ, वय अंदाजे चाळीस, उजवा कान बधिर.
जागा पाणचक्कीचा ओटा. मागे पाण्याचा आवाज.
ज्याने पाण्याचा आवाजही नोंदवून ठेवला
त्याला मी न भेटता मानतो.

वाक्य दोनशे चौदा: भाऊ नदीत गेला.
खाली रशियन अर्थ, पुढे पूर्णविराम.
पन्नास वर्षं तो पूर्णविराम कुणी हलवला नाही.

उझलिपत उठली. दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच गावची.
म्हणाली, हा 'र' घशातली खरखर नाही.
आमच्याकडे पाहिलेलं एका शेपटाने संपतं,
न पाहिलेलं दुसऱ्या.

(आपल्या 'म्हणे'चा लांबचा चुलता असावा;
फक्त तिकडे त्याला घरी ठेवून
बाहेर पडताच येत नाही.)

तो म्हणाला होता: भाऊ गेला, मी पाहिलं नाही.

मग ती जरा थांबली.
गावात अजून सांगतात, म्हणाली,
की तो काठावर उभा होता,
हात न देता.
आणि आमच्या गावात हे सांगताना
सगळे पाहिल्याचं शेपूट लावतात.
त्यातलं कुणीही तेव्हा जन्मलेलं नव्हतं.

शिडीवरचा माणूस हसायचा थांबला.

अध्यक्ष शुआयब, चष्मा कपाळावर चढवलेला:
"तो खरं बोलला का, हे आपल्याला कळायचं नाही.
तो काय बोलला, एवढंच आपलं काम.
तेवढं तरी नीट लिहू या."

ठराव झाला, अकरा विरुद्ध आठ.
रेघ द्यायची. खाली लिहायचं: न पाहिलेले.
तळटिपेत उझलिपतचं नाव, तारीख.

रात्री घरी मी नोंद पुन्हा काढली.
तांदळाच्या दाण्याएवढी रेघ,
अलीकडे भाऊ, नदी, जाणं;
पलीकडे एक माणूस
चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून सांगणारा.

आणि डब्यावरची ती निळी ओळ. उजवा कान बधिर.
त्या दिवशी नदी त्याच्या कुठल्या हाताला होती,
हे मात्र कुणी विचारून ठेवलेलं नाही.