जुळवून घेतो

ओपन डेला बाई म्हणाल्या,
"कौशिकचं काही टेन्शनच नाही हो.
खिडकीजवळून उठवलं तर उठतो,
कुणी पट्टी नेली तर मागत नाही,
वहीच्या कडेनं रेघ मारतो.
सगळ्यांशी जुळवून घेतो."
प्रगतिपुस्तकावरही तेच लिहिलं,
हिरव्या शाईनं, शेजारी चांदणी.

मी सही केली.
दोनदा करावी लागली, पहिल्यांदा पेन उठलंच नाही.

बिबवेवाडीच्या उतारावर तो मागे बसलेला,
दप्तर पोटाशी धरून, अंग चोरून,
मला टेकू नये म्हणून.
मी कधी म्हटलं होतं, टेकू नकोस?
म्हटलं असेल. मार्चमध्ये म्हटलं असेल.
मार्चअखेर बँकेतून घरी येते तेव्हा
माझ्या बोलण्याला टाचण्या असतात.

मला ही विद्या येते.
धनकवडीत, दोन खोल्यांत, मी आणि शिरीष
दादांची स्कूटर ऐकून शिकलो.
इंजिन सावकाश बंद झालं तर ठीक.
स्टँड एका दणक्यात लागला तर
टीव्ही बंद,
टीव्हीच्या पाठीवर ओलं फडकं,
पुस्तकं उघडी, कुठल्याही पानावर.
दादा आत आले की आधी टीव्हीला हात लावायचे,
ताप बघतात तसा.

दादा वाईट नव्हते. हे मला दर वेळी सांगावं लागतं.
माझ्या दहावीला केंद्राबाहेर तीन तास उन्हात उभे होते,
काखेत सरबताचा थर्मास.
आई म्हणायची, तुमच्यासाठीच ओरडतात.
शिरीष आता बेचाळीस वर्षांचा आहे,
नाशिकला, स्वतःच्या घरात,
बेल वाजली की मोबाइल पालथा घालतो.

पद्मावतीपाशी रसवंती दिसली. थांबलो.
"काय घेशील?"
त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं.
फळ्याकडे नाही, माझ्या भुवयांकडे.
"तू घेशील ते."
"मी काही घेणार नाहीये."
"मग मला पण नको."

मागे दोन माणसं उभी, रसवाला मान वर करून थांबलेला,
आणि माझ्या घशात दादा आले,
चपला न काढता:
पटकन बोल, तोंड नाहीये का?
मी गिळले. अख्खे नाही गिळता आले,
"सांग ना" जरा जोरातच निघालं.
मग गप्प राहिले.
फार अवघड असतं
आपल्याच मुलाशेजारी काही न करता उभं राहणं.
चरकातून ऊस एकदा गेला,
दुमडून दुसऱ्यांदा गेला,
घुंगरं वाजत राहिली.

"आलं नको," तो म्हणाला.
माझ्याशी, अगदी हळू.
मग रसवाल्याकडे वळून:
"आलं नको. बर्फ पण नको. आणि मोठा ग्लास."

गोष्ट एवढीच असती तर बरं.
शनिवारी त्यानं दुधीची भाजी ताटाबाहेर सारली
आणि मी अशी ओरडले
की समोरच्या गॅलरीत कपडे झटकणारी बाई झटकायची थांबली.
तो खोलीत गेला. कडी लागली.
बऱ्याच वेळानं मी दाराबाहेर बसले, फरशीवर,
म्हटलं, माझं चुकलं.
भाजीचं नंतर बघू, ओरडणं चुकलं.
दारालाच सांगत होते जवळजवळ.
वरच्या मजल्यावर मिक्सर फिरला, थांबला.
मग आतून आवाज आला,
"दुधी तरीपण नको."

आता संध्याकाळी किल्ली लावताना
मीच कान देते.
काही दिवस आतला टीव्ही एकदम मुका होतो.
काही दिवस चालू राहतो,
कार्टूनमधलं कुणीतरी कड्यावरून पडत असतं
आणि तो मोठ्यानं हसत असतो.
तसं झालं की मी पर्स तशीच खांद्याला ठेवून
त्याच्या शेजारी टेकते.
तो न बघता थोडा सरकतो, माझ्याकडे की जागा द्यायला,
ते अजून नीट कळत नाही.
टीव्ही तापला असेल.
असू दे.