अकरानंतर तेरा

सांगलीच्या यार्डात तेवीस वर्षं
मी हळदीचे सौदे पुकारले.
पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून
अकरा हजार एकदा, अकरा हजार दोनदा.
गेटावरचा चहावाला म्हणायचा,
आदगोंडा, घशात भोंगा बसवलाय काय रे?

डाव्या गालात तंबाखूची गोळी असायची.
हळदीला चुना लागला की कुंकू होतं
हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक.
गालाला चुना लागला की काय होतं
ते मिरजेत कळलं.

डॉक्टर मुजावर. वय माझ्या थोरलीएवढं.
म्हणाल्या, आ करा, किती बोटं जातात बघू.
एकच गेलं, तेही करंगळी.
मग गालाचा तुकडा काढला,
व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो तसा,
आणि रंग बघून व्यापारी गप्प होतो
तशाच गप्प झाल्या.

डावा जबडा काढावा लागेल.
त्या जागी पायातलं हाड बसवू,
पिंढरीतलं बारकं. त्याच्यावाचून चालता येतं.
मी विचारलं, आणि बोलता?
त्यांनी कागदावर घोड्याच्या नालेसारखं
काहीतरी काढून दाखवलं.

अकरा तास.
पद्मा बाहेरच्या बाकावर,
हातात माझं घड्याळ आणि चुन्याची डबी.
डबी तिनं तिथंच कचऱ्यात टाकली.
आत हाडाचे तीन तुकडे केले, कोन साधला,
पट्ट्या, स्क्रू, केसाहून बारीक दोऱ्यानं
रक्ताची नळी नळीला शिवली.
रात्रभर दर तासाला नर्स टॉर्च घेऊन यायची,
माझ्या गालातल्या पायाला बोट लावायची,
गरम आहे का बघायला.
होता.

हे हाड चाललेलं आहे.
कवठेपिरानच्या शाळेत अनवाणी,
हळद शिजवायच्या काहिलीभोवती रात्र रात्र,
पुराच्या पाण्यात, डोक्यावर टीव्ही घेऊन.
आता त्याला बोलायला लावलंय,
उतारवयात साळंत घातल्यागत.

त्याच्यासोबत आलेल्या कातड्यावर केस होते.
ते अजून उगवतात. गालात, आतल्या अंगानं.
महिन्यातून एकदा धाकटी
छोट्या कात्रीनं कापते, म्हणते, पप्पा हसू नका.
मी हसत नसतो.
ओठ तसाच बसलाय.

सकाळी दातांच्या फटीत आइस्क्रीमच्या काड्या,
एकावर एक. सतरा बसतात, वीस बसायला पाहिजेत.
डॉक्टर म्हणतात, काका, घाई नको,
पी हळद अन् हो गोरी असं नसतं.
मला सांगतात, हळदीचं.

खालचा ओठ बधिर. मिटत नाही.
प फ ब भ म
ही पाच अक्षरं दारातूनच परत जातात.
भाकरी गेली, पाणी गेलं,
आकड्यांतले पाच गेले, बारा गेले, पंधरा, पन्नास.
माझ्या तोंडात हळदीचा दर
अकरावरून एकदम तेराला जातो.
शेतकऱ्यांची काही तक्रार नसावी.

मंगळवारी यार्डात जाऊन आलो.
आता शीतल बिरनाळेचा पोरगा पुकारतो,
आवाज चांगलाय, घाई फार.
म्हातारे मल्लाप्पा शेटे जवळ सरकले,
काही न बोलता खिशातला रुमाल काढला
आणि माझ्या हातावर टाकला.
पुकारा यायच्या आधी
असेच व्हायचे सौदे, कापडाखाली, बोटं दाबून.
राजापुरीच्या ढिगाकडं त्यांनी हनुवटीनं दाखवलं.
मी त्यांच्या तळहातावर
बारा ठेवले.

घरी आलो. चपला काढता काढता हाक मारली.
नुसतं 'अगं' म्हटलं असतं तरी चाललं असतं,
अगंला ओठ लागत नाही.
पण मी नाव घेतलं.
जे बाहेर आलं त्यात प नव्हता, म नव्हता,
मधला द कसाबसा अडकून राहिलेला.

आले की, ती आतून म्हणाली.
तीस वर्षं अगं अगं करत होता,
आत्ता बरं नाव सुचलं.