गुरुवारी थांबलेला स्क्रू

भोसरीत मी बावीस वर्षं पाइप काढले,
पीव्हीसीचे, करडे, अर्ध्या इंचापासून सहा इंचीपर्यंत.
प्लास्टिक गुणाचं असतं.
तापवलं की ऐकतं.

इथं पाषाणला, टेकडीलगतच्या शेडमध्ये,
मशीन ओळखीचं निघालं : हॉपर, बॅरल,
दातांत दात घालून फिरणारे दोन स्क्रू.
पण तोंडात पडतं ते उसाचं पाचट,
दौंडकडून पोत्यांतून आलेलं,
आणि पाचट कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

टिळेकर मॅडम म्हणाल्या,
मुलाणीकाका, आत साखर आहे,
लिग्निननं कडी लावून घेतलीय.
साखर आपण काढायची नाही,
कडी तेवढी खिळखिळी करायची.
पुढं एन्झाइम येतील, त्यांचं ते बघतील.
म्हणजे पंगतीआधीची तयारी आमची,
जेवणारे दुसरेच.

ओल चाळीस टक्के. चौथा झोन एकशे वीस.
ओल कमी पडली की करपट वास
आणि अँपिअरचा आकडा उड्या मारतो;
जास्त झाली की माल नुसता घसरतो,
अंगाला काही लावूनच घेत नाही.
ॲसिड नाही. रगडणं आणि पिळणं, बास.
दोन महिन्यांत स्क्रूची धार बोथट झाली.
पात्यांवर वाळू असते, काचेसारखी,
पिकानं स्वतःच अंगात साठवलेली.

मग पावणेअकराला लाईट गेली.
गुरुवार. पुण्यात जन्म काढून मी विसरलो.
जनरेटरचं डिझेल कुणी आणायचं
यावर तीन ईमेल झालेल्या होत्या.
आतला माल आतच बसला, घट्ट.

दोन चहा होईस्तोवर बॅरल निवलं.
चेनपुली लावून स्क्रू इंचाइंचानं ओढला,
शिव्या द्यायच्या होत्या, पण
मॅडम हात पुसता पुसता थांबल्या.

सगळं जिथल्या तिथं होतं.
पहिली वीतभर पाचटच,
एका पात्यावर कूस अजून शाबूत, बोटात घुसली माझ्या.
पुढं चुरा, चुऱ्याचा काथ्या.
आणि जिथं आटे उलटे आहेत,
माल मागं रेटला जातो
अन् पाठीमागचा त्याला पुढं ढकलतो,
त्या चार बोटांत
तपकिरी, मऊ, उकललेलं काहीतरी.
चोळलं तर पीठ नाही, कापूस नाही.
वास गुऱ्हाळामागच्या चुलवणाचा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथं पिळानंच सुंभ सोडवला होता.

मॅडमनी टेप लावली,
दर दोन इंचांना एक पुडी, पुडीवर आकडा.
एकदा म्हणाल्या, बाकी दीड मीटर नुसता प्रवास.
मी काही बोललो नाही.
तो प्रवास मी तेल घालून चालवतो.

पाचला लाईट आली. बटणाकडे माझा हात गेला,
त्या मान वर न करता म्हणाल्या,
काका, पुढच्या गुरुवारीही
डिझेल आणू नका.