काय सांडलंय

सकाळचे साडेनऊ. गालजीबागेची नदी समुद्राला मिळते
तिथली वाळू अजून पोटाला गार,
आणि मी तिच्यावर पालथी,
हनुवटी वहीवर, कोपरांना मीठ.

"कितें सांडलां गे बाय?"
रापणीकडे निघालेला रुझार विचारतो.
कानातलं, किल्ली, असलं काही सांडल्याशिवाय
कोण वाळूत असं तोंड घालतं?
मी म्हणते, किडा.
तो टोपी मागे सारतो. किडा सांडला?

कासवांसाठी येतात इथे लोक, रात्रीचे, कुजबुजत.
ह्याच्यासाठी कोणी येत नाही:
नखाएवढा, पाठीवर मळका मोरपंखी,
त्यावर चुन्याचं बोट पुसल्यासारखे ठिपके,
पाय म्हणजे सुया,
आणि तोंडात न मावणारा अडकित्ता.
पुस्तकात वाघकिडा.

धावतो. थांबतो. धावतो.
मधलं काही दिसत नाही, मला नाही, त्यालाही नाही.
इतका सुसाट, की डोळे मागे राहतात
आणि समोरची माशी पुसून जाते.
म्हणून थांबायचं. जग जागेवर येऊ द्यायचं.
माशी कुठे होती ते बघून पुन्हा सुटायचं.
वहीत लिहिते: तीनदा थांबला, चौथ्यांदा माशी.
पुढच्याचं माहीत नाही, डोळ्यात घाम गेला.

माझी सावली हलली तसा उडाला,
चार हातांवर उतरला आणि वळून
माझ्याकडेच तोंड करून उभा.
दर वेळी हेच. पळणारं कोणी
इतकं रोखून बघत नाही.

रुझार अजून तिथेच. मग उकिडवा बसतो, गुडघे वाजतात.
गवताची एक काडी तोडतो
आणि भरतीची रेघ संपते तिथल्या
पेन्सिलीएवढ्या भोकात सोडतो.
"हांव भुरगो आसतना..."
एवढंच, कारण काडी हलते.
झटका. वर येते काडीला चावून लोंबकळणारी
एक पांढरी, कुबड आलेली अळी,
डोकं असं चपटं की बिळाचं झाकणच.
ह्याच हिरव्याचं बाळपण.
माझ्या अकरा पानांत हे नव्हतं.

नाव? नाव नव्हतं म्हणाला. पैजा लावायचो,
कुणाची काडी आधी हलते.

अळी त्याने पुन्हा बिळात सोडली, शेपटीकडून,
बाटलीत बूच बसवावं तशी.
रापणीवरून हाक आली. तो उठला, निघाला,
भोकं चुकवत, लांब ढांगा टाकत,
उंबरठ्यावरची रांगोळी चुकवावी तसा.

बाराव्या पानावर मी काडी ठेवली.
टोकाशी चावल्याची खूण आहे.