समुद्र गुडघ्याइतका

काम आलं आहे: साठ म्हणी, सगळ्या पिण्यावरच्या,
रशियनमधून इंग्रजीत.
सूचना एकच. भाषांतर वाटू नये, सहज वाटावं.
एका म्हणीचे तीस रुपये.

पाण्याच्या टाकीखाली बसते, तिथंच दोन दांड्या रेंज येते.
जिल्ह्यात दारूबंदी.
समोर समाजमंदिराच्या भिंतीवर
बाटली काढून तिच्यावर फुली मारली होती;
पावसानं फुली गेली, बाटली राहिली.

नागपुरात मी रशियन शिकले
कारण फ्रेंचच्या जागा भरल्या होत्या.
आता चिचटोल्यात ही भाषा येणारी मी एकटी,
आणि सहज इंग्रजी येणारं
कोणीच नाही, मी धरून.

पहिली म्हण सांगते, पहिल्या आणि दुसऱ्या पेल्यात
फार वेळ जाऊ देऊ नये.
इंग्रजीत घेताना यमक सांडतं, उरतो नुसता वैद्याचा सल्ला.
डोमा हलामी बकऱ्या सोडून टेकतो खांबाला.
'का लिवतेस वो?'
सांगते.
'मंग असं लिव ना,
एका पायावर मानूस घरी जाते का? दुसरा पाय पायजे.'
तसंच लिहिते. त्याला म्हणते, पंधरा रुपये तुझे.
म्हणतो, चहा पाज.

निघतानाच्या शेवटच्या पेल्याला ते लोक
'काठीसाठी' म्हणतात,
पूर्वी पायी जायचे म्हणून.
डोमा आपल्या काठीकडे बघतो.
'काठीले काहाले पाजतेत?
तेवढी एकच तं सुदीवर असते.'

असं चालतं तीन दिवस.
मोह गळतो आहे. पहाटे सगळं गाव रानात,
टोपल्या, झाडाखाली जाळलेला पाला,
अंगणाअंगणात वाळत घातलेला तो गोड, जड वास,
जो या जिल्ह्यात गुन्हा नाही अजून.

चौदावी मी ओलांडून पुढं जाते.
पिलेल्याला समुद्र गुडघ्याइतका.

पूसात रायबाईचा सुकरू
रात्री जाळं घेऊन मामा तलावात उतरला.
काठावरच्यांना म्हणाला, गुडघाभर तं हाय.
सकाळी जाळं आधी सापडलं.
आता चैतात तलाव खरंच गुडघाभर आहे,
म्हशी मधोमध उभ्या असतात.

रायबाई संध्याकाळी येते,
बँकेचा मेसेज वाचून घ्यायला.
समितीची तीच पुढारीण. मडकी फोडते पहिली,
आणि मोह वेचण्यातही तिचाच हात पहिला.
'तं लोकं पेताना का म्हनतेत, वाच मले.'
फोनवर बोट फिरवते मी, घाईघाईत,
चौदाच्या खूप पुढं.
वाचते: तिसरा पेला, जे नाहीत त्यांचा.
उभं राहून घ्यायचा,
पेल्याला पेला लावायचा नाही, बोलायचं नाही.

ती कोऱ्या चहात दोन बोटं बुडवते,
थेंब मातीवर उडवते.
'आमच्यात आधी जमिनीले देतेत. तिसऱ्यावरी थांबत नाही.'
मग बशी उचलून उरलेला पिते, आवाज न करता,
आणि विचारते, बँकेनं का लिवलं?

रात्री यादी पाठवली. एकोणसाठ.
लगेच उत्तर:
चौदा नंबर राहिला. सहज काहीही चालेल.

खूप वेळ टाकीखाली बसून राहिले.
वरून पाणी ठिबकत होतं मानेवर.
कारण म्हणून कळवलं, इंग्रजीत, एका ओळीत:
आमच्याकडे समुद्र नाही.

त्याचं उत्तर आलं:
वा, मजेदार आहे. हेच ठेवतो.

सकाळी फोन वाजला.
साठ म्हणींचे अठराशे,
पूर्ण.